‘सोपा, मध्यम, कठीण’ या रकान्याविषयी : प्रोग्रॅमिंगच्या पहिल्या अभ्यासक्रमाचे पेपर काढणाऱ्यांस खुले पत्र

प्रति,
प्रारंभिक प्रोग्रॅमिंगच्या अभ्यासमंडळांचे सदस्य, प्रश्नपत्रिका काढणारे व तपासणारे शिक्षक आणि प्रश्नपेढ्या सांभाळणारे सर्व सहकारी यांस,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

प्रश्नपेढीत नवा प्रश्न भरताना काठिण्यपातळीचा एक रकाना आपल्याला हमखास भरावा लागतो. त्यात सोपा, मध्यम किंवा कठीण यांपैकी एक शब्द निवडायचा असतो आणि बहुतेक वेळा तो प्रश्न लिहिणाऱ्यानेच, प्रश्न अजून एकाही विद्यार्थ्याने सोडवलेला नसताना, निवडलेला असतो. पुढे त्याच शब्दाच्या आधारे प्रश्नपत्रिकेचा संविधान तक्ता (कोणत्या प्रकारच्या प्रश्नांना किती गुण याचा आराखडा) बसवला जातो, अमुक टक्के सोपे आणि अमुक टक्के कठीण असे प्रमाण जुळवले जाते, दोन सत्रांच्या प्रश्नपत्रिका समान काठिण्याच्या ठरवल्या जातात, आणि निकाल घसरला की बोट विद्यार्थ्यांच्या तयारीकडे जाते, कारण कागदोपत्री पेपर सोपाच असतो. हा रकाना काढून टाकावा असे मी म्हणत नाही. मात्र आज तो ज्या रीतीने भरला जातो, तीत दोन निराळ्या गोष्टी एकाच शब्दात कोंबल्या जातात, आणि त्या सुट्या केल्याखेरीज त्या शब्दावर कोणताही निर्णय बेतणे विद्यार्थ्यांवर अन्याय करणारे आहे, असे माझे ठाम मत आहे.

पहिली गोष्ट म्हणजे प्रश्नाची गुंतागुंत. ती प्रश्नातच असते आणि प्रश्न समोर ठेवून मोजता येते. उत्तरासाठी किती संकल्पना एकत्र वापराव्या लागतात, किती ओळींचा कोड वाचावा किंवा लिहावा लागतो, लूपच्या (त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालवणाऱ्या रचनेच्या) आत आणखी लूप आहे का, काय अपेक्षित आहे ते पूर्णपणे सांगितले आहे की विद्यार्थ्याने ओळखायचे आहे, हे सारे परीक्षेच्या आधीच सांगता येते. दुसरी गोष्ट म्हणजे काठिण्य. ते एकट्या प्रश्नात नसते. विशिष्ट गोष्टी शिकून आलेल्या विशिष्ट विद्यार्थ्यांना तो प्रश्न किती जड गेला, यावर ते ठरते आणि म्हणून उत्तरपत्रिका तपासल्यावरच कळते. गुंतागुंतीवरून काठिण्याचा अंदाज बांधता येतो, बांधायलाही हवा. पण आपण हा अंदाज मोजमापाच्या जागी लिहून टाकतो आणि पुढे तो खरा ठरला का, हे पाहतच नाही.

प्रत्येकाच्या पेपरात कधी ना कधी येऊन गेलेला एक प्रश्न पाहू : ‘पूर्णांकांची यादी दिली असता तिच्यातील सर्वांत मोठी संख्या शोधून देणारे फंक्शन लिहा.’ प्रश्न एका वाक्याचा आहे, लूप एक आहे, अट एक आहे, तेव्हा रकान्यात ‘सोपा’ लिहायला कोणाचाही हात अडखळणार नाही. आता एक विद्यार्थी ‘मोठी’ नावाच्या व्हेरिएबलमध्ये सुरुवातीला ० ठेवतो, यादीतली प्रत्येक संख्या तिच्याशी ताडून पाहतो आणि मोठी सापडली की ती तिथे ठेवतो. ऑटोग्रेडरमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम चालवून आपोआप गुण देणाऱ्या प्रणालीत, टेस्ट केस (तपासणीसाठी दिलेले नमुना इनपुट) म्हणून ४, ९, २ अशी यादी असेल, तर या विद्यार्थ्याला पूर्ण गुण मिळतात. त्याच ऑटोग्रेडरमध्ये उणे ४, उणे ९, उणे २ ही यादी वाढवली, की त्याचे फंक्शन ० हे उत्तर देते, जे यादीत मुळात नाहीच, आणि त्याचे गुण जातात. दुसऱ्या एका विद्यार्थ्याचा लूप शेवटच्या घटकाच्या एक घर आधीच थांबतो. त्याला ४, ९, २ या यादीत काहीच अडचण येत नाही, पण ४, २, ९ या यादीत त्याचे उत्तर ४ येते. तिसऱ्याचे सगळे बरोबर आहे, फक्त रिकामी यादी दिली की प्रोग्रॅम कोसळतो. आणि रिकाम्या यादीचे काय करायचे याबद्दल प्रश्नात अवाक्षर नाही.

प्रश्नाचे वाक्य चारही वेळा अक्षरशः तेच आहे, तरीही टेस्ट केस बदलताच त्याचे काठिण्य बदलले. पहिल्या टेस्ट केसमध्ये तो जवळजवळ सगळ्यांना जमेल असा आहे, दुसऱ्यात तो सुरुवातीच्या किमतीची निवड तपासतो, तिसऱ्यात लूपच्या सीमांची जाण तपासतो आणि चौथ्यात पेपर काढणाऱ्याच्या मनात काय होते हे ओळखण्याची क्षमता तपासतो, जी अभ्यासक्रमात कुठेच नाही. अनेक ठिकाणी प्रश्न लिहिणारी व्यक्ती एक असते आणि टेस्ट केस दुसरीच कोणी, नंतर, कधी कधी परीक्षेच्या आदल्या दिवशी लिहिते. मग रकान्यातला ‘सोपा’ हा शब्द नेमका कोणत्या प्रश्नाविषयी होता? कागदावर लिहायच्या परीक्षेतही हेच घडते, कारण तिथे टेस्ट केसची जागा गुणदान योजना घेते आणि उणे संख्यांचा विचार न केल्याबद्दल एक गुण कापायचा की चार, हे ती ठरवते. म्हणून माझी पहिली विनंती अशी, की वर्गीकरण एकट्या प्रश्नाच्या मजकुराचे होऊ नये. मजकूर, टेस्ट केस किंवा पर्याय, आणि गुणदान योजना हे तिन्ही मिळून एक प्रश्न होतो, आणि या तिघांपैकी काहीही बदलले तर तो नवा प्रश्न समजून त्याची नोंद नव्याने व्हावी.

कोड ओळीओळीने मनात चालवून (याला ट्रेसिंग म्हणतात) उत्तर देण्याच्या प्रश्नांतही हा फरक तितकाच ठसठशीत दिसतो. ‘क = ५, ख = ८, मग क = ख, मग ख = क; शेवटी क आणि ख यांच्या किमती किती?’ याचे उत्तर दोन्हींची किंमत ८ हे आहे, कारण ‘=’ ही खूण उजवीकडची किंमत डावीकडच्या नावात ठेवते. शेवटच्या दोन ओळी मिळून किमतींची अदलाबदल करतात अशी समजूत असलेला विद्यार्थी ‘क मध्ये ८, ख मध्ये ५’ म्हणतो. प्रश्न बहुपर्यायी असेल आणि पर्यायांत हे चुकीचे उत्तर नसेल, तर आपले उत्तर सापडत नाही म्हणून तो पुन्हा विचार करतो आणि बहुधा बरोबर पर्यायापाशी पोहोचतो. पर्याय असेल, तर तो त्यावर खूण करून पुढे जातो. क आणि ख या दोन्हींची सुरुवातीची किंमत ५ च ठेवली, तर समज कोणतीही असो, उत्तर बरोबरच येणार. या तिन्ही रूपांना आपण ‘चार ओळींचे ट्रेसिंग, सोपा’ असेच लेबल लावू, आणि त्यातले एक रूप तर काहीच तपासत नाही.

आता कोड लिहायच्या मोठ्या प्रश्नांकडे वळतो, कारण सर्वाधिक गुण तिथे असतात आणि सर्वाधिक नुकसानही तिथेच होते. इलियट सोलोवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात अभ्यासासाठी वापरलेला पर्जन्यमानाचा प्रश्न या विषयाच्या संशोधनात फार प्रसिद्ध आहे. त्याचे साधे रूप असे सांगता येईल : ९९९९९ ही संख्या येईपर्यंत रोजच्या पावसाचे आकडे वाचत जा, उणे आकडे सोडून द्या आणि बाकीच्यांची सरासरी छापा. वरवर पाहता हा सरासरीचा प्रश्न आहे. प्रत्यक्षात त्यात लूपमध्ये आकडा वाचणे, खुणेची संख्या येताच थांबणे, ती खुणेची संख्या बेरजेत मिसळू न देणे, उणे आकडा गाळणे, बेरीज साठवत जाणे, ग्राह्य आकड्यांची संख्या मोजणे आणि एकही ग्राह्य आकडा आला नाही तर शून्याने भागाकार टाळणे, अशी किमान सात कामे आहेत. ही कामे एकेक करून करायची नसून एकमेकांत योग्य क्रमाने गुंफायची आहेत, हे खरे ओझे आहे.

यातले प्रत्येक काम वर्गातल्या ९० टक्के विद्यार्थ्यांना येते आणि एक येण्याचा दुसरे येण्याशी काही संबंध नाही असे क्षणभर धरले, तर सातही बरोबर करणारे विद्यार्थी ४८ टक्क्यांच्या आसपास निघतात. प्रत्यक्षात ही कौशल्ये एकमेकांशी निगडित असतात, त्यामुळे आकडा थोडा वर जाईल. उलट, ती गुंफण्याचे स्वतंत्र ओझे तो खाली ओढेल. मुद्दा असा, की प्रत्येक घटक ‘सोपा’ असूनही जोडून केलेला प्रश्न निम्म्या वर्गाला न जमणारा ठरू शकतो. आणि तो न जमल्यावर कोणता घटक निसटला, हे दहापैकी दोन गुणांच्या आकड्यावरून कोणालाही सांगता येत नाही. लूपच सुरू न करता आलेला विद्यार्थी उरलेल्या सहा गोष्टी येत असूनही त्या दाखवू शकत नाही. अँड्र्यू लक्स्टन-रायली आणि अँड्र्यू पीटरसन यांनी नवशिक्यांच्या मूल्यमापनाचा हा संयुक्त स्वभाव २०१७ मध्ये नेमका मांडला. प्रारंभिक परीक्षांतला साधा वाटणारा प्रश्नही किती तरी घटक एकाच वेळी मागतो, हे त्यांनी दाखवून दिले. माझा आग्रह असा नाही, की संयुक्त प्रश्न नसावेत. प्रोग्रॅम लिहिणे म्हणजे अखेर गुंफणेच. पण ज्या संकल्पनांची गुंफण विचारली आहे, त्या सुट्या सुट्या कुठेतरी विचारल्या गेल्या आहेत का, हे पेपर काढतानाच पाहिले पाहिजे. नाहीतर अख्खा पेपर एकाच अडथळ्यावर पुन्हा पुन्हा गुण कापत राहतो.

काठिण्याऐवजी पुष्कळ ठिकाणी ब्लूम यांच्या वर्गीकरणाची पायरी लिहिली जाते, आणि ती लिहिली की वर्गीकरण शास्त्रशुद्ध झाले असे समजले जाते. ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते १९५६ मध्ये मांडले आणि अँडरसन व क्रॅथवोल यांनी २००१ मध्ये त्याची सुधारित मांडणी केली. स्मरण, आकलन, उपयोजन, विश्लेषण, मूल्यमापन आणि निर्मिती या सहा पायऱ्या आपल्या सर्वांना तोंडपाठ आहेत. त्या मानसिक प्रक्रियेचा प्रकार सांगतात. वरची पायरी खालच्या पायरीपेक्षा प्रत्येक वेळी जडच जाईल, असा त्यांचा अर्थ नव्हे. दोन संख्यांची बेरीज छापणारा प्रोग्रॅम ‘लिहा’ म्हटले की क्रियापद पाहून ‘निर्मिती’ लिहिले जाते, आणि एकात एक असलेल्या तीन लूपांचे आउटपुट ‘सांगा’ म्हटले की ‘आकलन’. यातला दुसरा प्रश्न जड आहे हे सांगायला कोणत्याही वर्गीकरणाची गरज नाही. शिवाय विद्यार्थ्याने पूर्वी काय केले आहे, यावर पायरी बदलते. फळ्यावर जसाच्या तसा सोडवलेला प्रोग्रॅम परीक्षेत ‘लिहा’ म्हणून आला, तर तो स्मरणाचा प्रश्न आहे, आणि तोच प्रोग्रॅम ज्या वर्गात शिकवला गेला नाही तिथे तो खरोखरच निर्मितीचा आहे. शिकवणारी व्यक्ती आणि पेपर काढणारी व्यक्ती वेगळी असेल, तर पेपर काढणाऱ्याला हे कळणार तरी कसे? २००७ मध्ये संगणकशास्त्राच्या शिक्षकांच्या एका आंतरराष्ट्रीय कार्यगटाने याच अडचणीतून वाट काढण्यासाठी कोड समजून घेणे आणि कोड निर्माण करणे असे दोन वेगळे अक्ष सुचवले. एका शिडीपेक्षा ही कल्पना प्रोग्रॅमिंगला पुष्कळच अधिक मानवते.

बिग्ज आणि कॉलिस यांनी १९८२ मध्ये मांडलेले सोलो वर्गीकरणही वापरात आहे, आणि त्याबद्दल मला विशेष आस्था आहे. पण ते प्रश्नाच्या रकान्यात भरण्यासाठी नाही. सोलो या इंग्रजी लघुरूपाचा अर्थच ‘दिसून आलेल्या अध्ययनफलिताची रचना’ असा आहे, आणि नावाप्रमाणेच ते मिळालेल्या उत्तराच्या घडणीचे वर्गीकरण आहे. कोडचा एक तुकडा देऊन ‘हा कोड काय साधतो ते एका वाक्यात सांगा’ असे विचारले असता, एक विद्यार्थी ‘पहिल्या ओळीत ‘चढती’ला खरे ठेवले, मग लूप सुरू केला, मग शेजारच्या दोन संख्यांची तुलना केली’ असे ओळीमागून ओळ वाचून दाखवतो आणि दुसरा म्हणतो, ‘यादी चढत्या क्रमाने लावलेली आहे का ते हा कोड तपासतो.’ पहिल्याने प्रत्येक ओळ बरोबर सांगितली आहे, पण ओळींचा परस्परसंबंध त्याच्या हाती लागलेला नाही. रेमंड लिस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये याच पद्धतीने नवशिक्यांची उत्तरे अभ्यासली. एकाच प्रश्नाला या दोन्ही पातळ्यांची उत्तरे येतात, तेव्हा प्रश्नाला एकच सोलो पातळी चिकटवणे चूक आहे, आणि गुणदान योजनेत मात्र ती असणे अतिशय उपयोगाचे आहे.

आपण अनुभवी आहोत, अनुभवाने प्रश्न किती जड आहे ते कळते, असे आपल्यापैकी अनेकांना वाटते. अनुभवाबद्दल पूर्ण आदर ठेवून मला म्हणायचे आहे, की नेमका हाच दावा तपासून पाहिलेला आहे आणि तो टिकत नाही. २००१ मध्ये मायकेल मॅकक्रॅकन यांच्या नेतृत्वाखालील आंतरराष्ट्रीय गटाने चार विद्यापीठांतील २१६ विद्यार्थ्यांना पहिल्या अभ्यासक्रमांनंतर यायला हवेत असे प्रश्न दिले. ११० पैकी सरासरी गुण २२.८९ इतके आले. हे प्रश्न शिक्षकांनीच, विद्यार्थ्यांना काय यायला हवे याचा विचार करून निवडले होते. त्यानंतर २००४ मध्ये लिस्टर यांच्या गटाने सात देशांत १२ बहुपर्यायी प्रश्न वापरून दाखवले, की अनेक विद्यार्थ्यांना कोड लिहिण्याआधी तो वाचून ट्रेस करणेच पुरते जमत नाही. आपण ज्याला पाया समजून गृहीत धरतो, तोच पुष्कळांच्या बाबतीत कच्चा होता. प्रोग्रॅमिंगच्या बाहेरचे एक उदाहरणही येथे लागू पडते : नेथन आणि कोडिंजर यांच्या बीजगणितावरील अभ्यासात शिक्षकांनी शाब्दिक उदाहरणे समीकरणांपेक्षा अवघड ठरवली होती, आणि विद्यार्थ्यांना मात्र काही प्रकारची शाब्दिक उदाहरणेच सोपी गेली. ज्याला विषय चांगला येतो, त्याला तो शिकतानाच्या अडचणी दिसेनाशा होतात. यात कोणाचा हलगर्जीपणा नाही. म्हणूनच केवळ अधिक काळजी घेऊन हा प्रश्न सुटणार नाही, त्यासाठी पद्धत बदलावी लागेल.

अलीकडे हा रकाना भाषिक मॉडेलकडून (मजकूर लिहिणाऱ्या एआय प्रणालीकडून) भरून घेण्याची पद्धत रूढ होत आहे. संकल्पना मोजणे, ओळी मोजणे, संदिग्ध वाक्य दाखवून देणे या कामांसाठी त्याचा उपयोग जरूर करावा. पण प्रश्नाचा मजकूर सोडून त्याच्यापुढे काहीही नसताना, आपल्या वर्गात काय शिकवले गेले हे त्याला सांगितलेले नसताना, त्याने दिलेला ‘मध्यम’ हा शब्द आपल्या अंदाजापेक्षा वरचढ मानण्याचे कारण नाही.

मग मोजायचे कसे? सुरुवातीला लागणारे गणित अगदी साधे आहे. एका गुणाच्या प्रश्नासाठी बरोबर उत्तर देणाऱ्यांचे प्रमाण, आणि अधिक गुणांच्या प्रश्नासाठी मिळालेल्या सरासरी गुणांचे एकूण गुणांशी प्रमाण, हा काठिण्य निर्देशांक झाला. तो जितका मोठा तितका प्रश्न सोपा, एवढे ध्यानात ठेवायचे. चार पर्यायांच्या प्रश्नात निव्वळ अंदाजानेही हा आकडा ०.२५ येतो, म्हणून ०.३० आला तर वर्गाला प्रश्न जवळजवळ कळलाच नाही असे समजावे. सोबत भेदनक्षमता पाहावी : संपूर्ण पेपरात वरच्या २७ टक्क्यांत आलेले आणि खालच्या २७ टक्क्यांत आलेले विद्यार्थी या प्रश्नात किती वेगळे ठरले, हे केली यांनी १९३९ मध्ये सुचवलेले प्रमाण आजही चालते. एखाद्या प्रश्नात वरचे विद्यार्थी खालच्यांपेक्षा कमी गुण मिळवत असतील, तर तो प्रश्न कठीण नसून सदोष असण्याची शक्यता अधिक, आणि बहुधा दोष संदिग्ध शब्दरचनेत किंवा चुकीच्या आदर्श उत्तरात सापडतो. न सोडवलेला प्रश्न आणि चुकीचा सोडवलेला प्रश्न यांची नोंद मात्र वेगळी हवी. शेवटच्या प्रश्नापर्यंत निम्मा वर्ग पोहोचलाच नसेल, तर त्याचा कमी आकडा पेपरच्या लांबीबद्दल बोलतो.

लहान वर्गात हे आकडे जपून वाचावेत. ३० विद्यार्थ्यांपैकी निम्म्यांनी उत्तर बरोबर दिले, तर खरे प्रमाण दोन्ही बाजूंना साधारण १८ टक्क्यांनी इकडेतिकडे असू शकते. ३०० विद्यार्थी असतील तर हीच अनिश्चितता सुमारे ६ टक्क्यांवर येते. म्हणून एका छोट्या वर्गाच्या निकालावरून प्रश्नाला कायमचा शिक्का मारू नये, पण तोच प्रश्न सत्रागणिक वापरला गेला की नोंदी साठत जातात. जिथे विद्यार्थी पुरेसे आहेत तिथे रॅश यांनी १९६० मध्ये मांडलेले मॉडेल वापरता येते. ते विद्यार्थ्याची क्षमता आणि प्रश्नाचे काठिण्य एकाच मापपट्टीवर मांडते, त्यामुळे मॉडेल लागू पडत असेल आणि काही प्रश्न दोन्ही परीक्षांत समान असतील, तर हुशार तुकडीला प्रश्न सोपा गेला की प्रश्नच सोपा होता, हा गुंता बऱ्याच अंशी सोडवता येतो.

परीक्षेच्या आधी भरायच्या नोंदीबद्दलही तयार वाट आहे. जूडी शेअर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रारंभिक प्रोग्रॅमिंगच्या परीक्षांचा अभ्यास करून २०१३ मध्ये जी चौकट मांडली, तीत बाह्य क्षेत्राचे संदर्भ, अपेक्षांची स्पष्टता, भाषेची गुंतागुंत, संकल्पनांची गुंतागुंत, कोडची लांबी आणि बौद्धिक पातळी अशी सहा अंगे वेगवेगळी नोंदवली जातात. मला यात सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट ही, की प्रोग्रॅमिंगशी संबंध नसलेले ओझे तीत वेगळे दिसते. ‘दिलेले वर्ष लीप वर्ष आहे का ते ठरवा’ या प्रश्नात ४, १०० आणि ४०० ने भाग जाण्याचा नियम दिलेला नसेल, तर तो आधी ठाऊक असलेल्याला प्रश्न एका अटीचा आहे आणि ठाऊक नसलेल्याला तो सुटण्यासारखाच नाही. परीक्षेची भाषा ज्याची पहिली भाषा नाही, त्याला लांबलचक वाक्यातले ‘वगळता’, ‘अन्यथा’, ‘किमान’ हे शब्द अडवतात आणि आपण म्हणतो त्याला लूप येत नाही. हे ओझे काढून टाकता येण्याजोगे असते. नियम देऊन टाकावा, वाक्य तोडावे, नमुना इनपुट आणि त्याचे आउटपुट द्यावे. एका शब्दाच्या रकान्यात हे ओझे कधीच दिसत नाही, म्हणून ते कधी काढलेही जात नाही. या सहा अंगांना मी आणखी एक जोडू इच्छिते : वर्गात किंवा सरावात केलेल्या प्रश्नांशी हा प्रश्न किती मिळताजुळता आहे, तोच आहे, नावे बदललेला आहे, की पूर्णपणे नवा आहे.

ही नोंद दोन शिक्षकांनी एकमेकांना न विचारता करावी आणि मग ताडून पाहावी. तिथे जुळण्याच्या टक्केवारीने फसू नये. सोपा, मध्यम, कठीण हे तीन शब्द सारख्याच वेळा आणि डोळे मिटून वापरले, तरी दोन व्यक्तींचे ३३ टक्के जुळते. त्यामुळे ६० टक्के जुळले तर योगायोग वजा जाता खरा मेळ ०.४ इतकाच उरतो (पूर्ण मेळ म्हणजे १), जो पेपरचा तोल ठरवण्यासाठी अगदीच अपुरा आहे. जिथे दोघांचे जुळले नाही, तिथे चर्चा होऊ द्यावी. माझा अनुभव असा आहे, की न जुळलेल्या प्रश्नांत प्रत्येकाने मनात वेगळेच आदर्श उत्तर धरलेले असते, आणि हे परीक्षेच्या आधी उघड होणे सर्वांच्याच हिताचे आहे.

एवढे सारे करायला वेळ कुठे आहे, हा आक्षेप मी गांभीर्याने घेते. पेपर काढण्याची मुदत अपुरी असते, तपासणीचा ढीग मोठा असतो आणि या कामाचे कोणी वेगळे श्रेय देत नाही. म्हणूनच मी हे पत्र एकट्या पेपरसेटरला न लिहिता अभ्यासमंडळांनाही लिहीत आहे. ज्या परीक्षा ऑटोग्रेडरवर होतात, तिथे प्रश्ननिहाय गुण आधीच साठवलेले असतात. ते प्रश्नपेढीत परत आणण्याची सोय करणे हे प्रशासकीय काम आहे आणि ते एकदाच करावे लागते. कागदी परीक्षेत एकूण गुणांबरोबर प्रश्ननिहाय गुणही भरण्याची मुभा आणि त्यासाठी वेळ द्यावा लागेल. गोपनीयतेचा आक्षेपही येतो. पण प्रश्नाच्या नोंदीत विद्यार्थ्याचे नाव किंवा क्रमांक लागतच नाही, केवळ किती जणांनी प्रयत्न केला, किती गुण पडले आणि कोणत्या चुका पुन्हा पुन्हा आल्या, एवढेच लागते. प्रश्न फुटण्याची भीती असेल तर परीक्षा होऊन गेलेल्या प्रश्नांपासून सुरुवात करावी.

तेव्हा माझी मागणी नेमकी आणि मर्यादित आहे. येत्या सत्रात फक्त एक प्रश्नपत्रिका निवडावी. तिच्या प्रत्येक प्रश्नाची वर सांगितलेली अंगे दोन शिक्षकांनी स्वतंत्रपणे नोंदवावीत, आणि ‘सोपा’ या शब्दाऐवजी ‘शंभरांपैकी इतके विद्यार्थी हे बरोबर सोडवतील’ असा आकडा लिहावा, कारण आकडा चुकला तर किती चुकला हे कळते. निकाल लागल्यावर प्रत्यक्ष आकडा त्याच्याशेजारी लिहावा, दोहोंत जिथे मोठी तफावत आहे अशा प्रश्नांच्या दहा-वीस उत्तरपत्रिका एकत्र बसून वाचाव्यात, आणि कारण सापडले तर ते प्रश्नाच्या नोंदीत दोन ओळींत टिपून ठेवावे. पुढच्या पेपरसेटरला प्रश्न उचलताना दोन्ही आकडे आणि त्या दोन ओळी दिसल्या पाहिजेत. तोपर्यंत, मोजमाप न झालेल्या प्रश्नांच्या रकान्यात ‘अंदाज’ हा शब्द ठळकपणे लिहिलेला असावा आणि अशा अंदाजांच्या बळावर कोणत्याही तुकडीला कमी तयारीची ठरवले जाऊ नये, अशी आपणा सर्वांस मनःपूर्वक विनंती आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
प्रोग्रॅमिंगचा पहिला अभ्यासक्रम शिकवणारी आणि त्याचे पेपर काढणारी एक शिक्षिका